सीआरपी वाढलाय आणि क्रिएटिनिनही: या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध कसा लावायचा?

सिंहगड रोडची लेक

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागातले धागे नेहमी वाचते, आज स्वतः विचारते आहे. सविस्तर लिहिते, म्हणजे उलटे प्रश्न कमी येतील.

बाबा ६८ वर्षांचे. मधुमेह पंधरा-सोळा वर्षांपासून, बीपीची गोळी चालू. गणपतीनंतर त्यांना चिकुनगुनिया झाला. आमच्या सोसायटीत त्या पंधरवड्यात घरटी एक पेशंट होता. ताप आठवड्यात उतरला, पण सांधे काही सुटले नाहीत. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, शर्टाचं वरचं बटण आई लावून देते. दुपारपर्यंत जरा सैल होतात.

दिवाळीआधी घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं पॅकेज केलं. एचएस-सीआरपी (अंगातल्या दाहाचं, म्हणजे इन्फ्लमेशनचं माप) १४, ईएसआर (हेही दाहाचंच) ४८, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून काढते तो कचरा) १.५, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ५०, हिमोग्लोबिन ११.८, फेरिटिन (लोहाचा साठा) ४१०. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.४. गेल्या वर्षी क्रिएटिनिन १.२ होतं आणि ईजीएफआर ६६.

सीआरपीच्या ओळीसमोर ‘हृदयविकाराचा धोका जास्त’ असं लाल अक्षरात छापलंय. बाबा तेव्हापासून गप्प आहेत. घरच्या ग्रुपवर काकांनी व्हिडिओ टाकला की शरीरातल्या दाहामुळेच किडनी खराब होते, तेव्हा आधी दाह कमी करणाऱ्या गोळ्या घ्या. नेफ्रॉलॉजिस्टची, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांची, वेळ दिवाळीनंतरची मिळाली आहे.

प्रश्न असा: चिकुनगुनियामुळे दाह वाढला आणि त्याने किडनी बिघडली, की किडनी आधीच बिघडत होती म्हणून दाहाचे आकडे वाढलेले दिसतात? आणि डॉक्टरांकडे जाताना आणखी कोणत्या तपासण्या करून न्याव्यात?

---

हडपसरकर

ताई, बाकी सगळं नंतर. सांध्यांसाठी सध्या कोणती गोळी चालू आहे? आणि बीपीच्या गोळीचं पूर्ण नाव पाकिटावर बघून सांगा.

---

सिंहगड रोडची लेक

दुखण्यासाठी ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली, सकाळ-संध्याकाळ. तापात दिली होती, नंतर बाबा मेडिकलमधून आणत राहिले. बीपीची टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली. मधुमेहाला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड.

---

हडपसरकर

मग दिवाळीची वाट बघू नका. ज्या डॉक्टरांची बीपीची गोळी आहे त्यांना आजच फोन करा आणि हे जसंच्या तसं वाचून दाखवा.

कारण सांगतो. किडनीतल्या प्रत्येक गाळणीला रक्त आत आणणारी एक बारीक नळी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनी आत येणारी नळी आकसते. टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी सैल होते. हायड्रोक्लोरोथायझाइडने अंगातलं पाणी कमी होतं. प्रत्येक औषध आपापल्या जागी ठीक असेल, पण तिन्ही एकत्र आली की गाळणीतला दाब पडतो आणि क्रिएटिनिन चढतं. वय साठीपुढे, जोडीला मधुमेह आणि तापात पाणी कमी प्यायलेलं, अशा माणसात हे हमखास बघायला मिळतं. काही वर्षं औषधांच्या दुकानात काढली आहेत म्हणून सांगतो, काउंटरवर कोणी बीपीची गोळी विचारत नाही.

टेल्मिसार्टन मात्र मनाने बंद करू नका. तीच गोळी लांबच्या पल्ल्यात त्यांची किडनी सांभाळते आहे. काय थांबवायचं ते डॉक्टर सांगतील, आणि बहुधा पहिलं नाव दुखण्याच्या गोळीचंच येईल.

काकांच्या व्हिडिओबद्दल एवढंच. ‘दाह कमी करणाऱ्या गोळ्या’ म्हणून दुकानात जे मिळतं ते हेच. सीआरपी उतरवायला म्हणून ती घेणं म्हणजे किडनीवरच घाव.

---

जुना लॅबवाला

हडपसरकरांना +१. मी आकड्यांबद्दल लिहितो. पेठेतल्या एका लॅबमध्ये माझं आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे.

आधी एकक बघा. सीआरपी काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. १४ आणि १.४ हा एकच रिपोर्ट असू शकतो. एका लॅबचा १.४ आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या लॅबचा १४ बघून ‘दहापट वाढला’ म्हणत घाबरून आलेले लोक मी पाहिलेत. तुमचा एचएस-सीआरपी असल्यामुळे तो प्रति लिटरच असणार, तरी खात्री करा.

आता ते लाल अक्षर. एचएस-सीआरपीची १ पेक्षा कमी, १ ते ३ आणि ३ पेक्षा जास्त ही विभागणी हृदयविकाराचा धोका जोखायला केलेली आहे, आणि ती बऱ्या माणसासाठी आहे. त्यासाठीसुद्धा निदान दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यायची असते. आकडा १० च्या वर गेला की तो धोक्यासाठी वाचायचाच नाही. अंगात संसर्ग, इजा किंवा सांध्यांचा आजार आहे का ते शोधायचं आणि तो शमल्यावर पुन्हा मोजायचं. तुमच्या बाबांचे सांधे धरलेले असताना आलेला १४ हा सांध्यांचा आकडा आहे. संगणक वय बघत नाही, ताप बघत नाही, मर्यादा ओलांडली की लाल छापतो. बाबांना हे नक्की सांगा.

सीआरपी यकृतात तयार होतं. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेला ते चिकटतं, नावातला ‘सी’ तिथला. संसर्ग झाला की काही तासांत चढायला लागतं, दोन दिवसांत शिखर गाठतं, आणि कारण संपलं की साधारण दर १९ तासांनी निम्मं होतं. म्हणून ते ताज्या घडामोडीचं माप. ईएसआरचं तसं नाही. ती नळी स्टँडला सरळ उभी करायची आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. नळी जराशी कलली तरी आकडा फुगतो. वय, रक्त कमी असणं, किडनीचा आजार, सगळ्याने ईएसआर वाढतो. हिमोग्लोबिन ११.८ असलेल्या ६८ वर्षांच्या मधुमेही माणसाचा ४८ बघून मी तरी दचकणार नाही.

क्रिएटिनिनबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. आजही कित्येक लॅब ते याफेच्या पद्धतीने मोजतात. ही पद्धत १८८६ ची. पिवळं पिक्रिक आम्ल आणि अल्कली घालायची, क्रिएटिनिन असेल तसा पिवळ्याचा नारिंगी होत जातो. आम्ही सुरुवातीला डोळ्यांनी बघायचो, पुढे यंत्रं आली. पण रक्तात कीटोन असतील किंवा काही अँटिबायोटिक्स चालू असतील, तर त्यांनीही रंग चढतो. एन्झाइमची पद्धत जास्त नेमकी. आदल्या रात्री भरपूर मटण झालं असेल तरी सकाळी क्रिएटिनिन थोडं वर दिसतं. तेव्हा १.२ आणि १.५ ची तुलना करताना दोन्ही वेळची लॅब एकच होती का, हे बघा. ०.३ चा फरक मोठा आहे, दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण पुढचा नमुना त्याच लॅबमध्ये द्या.

आणि पॅकेजमध्ये लघवी नाही! साठ-सत्तर तपासण्यांची यादी छापतात आणि मधुमेही माणसाच्या किडनीची सगळ्यात बोलकी तपासणी वगळतात. मला याचा मनापासून संताप येतो. लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर, एसीआर म्हणतात, ते करून घ्या. पण आत्ता नको, सांधे शांत झाल्यावर. तापात आणि दाहात तेही तात्पुरतं वाढतं.

---

बायोकेमची बाई

ताईंनी ‘आधी कोण’ हे विचारलंय, त्यावर लिहिते. मी हा विषय शिकवते, उपचार करत नाही.

दोन्ही बाजूंनी घडतं, म्हणून हा विषय अवघड आहे.

एक दिशा दाहाकडून किडनीकडे. साखर आणि दाब वाढलेला राहिला की गाळणी झिजते आणि अल्ब्युमिन लघवीत उतरायला लागतं. पुढच्या नलिकांमधल्या पेशी ते परत शोषून घेण्याचा प्रयत्न करतात. त्यांच्यावर ताण पडला की त्या रासायनिक हाका मारतात: एमसीपी-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ. हाकेला पांढऱ्या पेशी धावून येतात आणि तिथेच तळ ठोकतात. मग टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन वाढतं, मऊ ऊतीच्या जागी चिवट धागे विणले जातात. तो व्रण पुन्हा मऊ होत नाही.

दुसरी दिशा किडनीकडून दाहाकडे. यातली कित्येक लहान प्रथिनं रक्तातून काढून टाकण्याचं काम किडनीचंच असतं. किडनी मंदावली की ही प्रथिनं साचतात. आतड्यातल्या जंतूंनी बनवलेली इंडॉक्सिल सल्फेटसारखी द्रव्यंही साचतात, रक्तातलं आम्ल वाढतं, आणि अंग कायम मंद धगीवर राहतं. म्हणून किडनीच्या रुग्णात सीआरपी थोडा वाढलेला दिसला, तर तो कारण आहे की परिणाम, हे त्या एका आकड्यावरून कोणालाच सांगता येत नाही.

संशोधनातले तीन-चार टप्पे सांगते. २०१२ मध्ये बॉस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रातल्या गटाने दाखवलं की ज्या मधुमेहींच्या रक्तात टीएनएफचे सुटे रिसेप्टर (टीएनएफला पकडणारी प्रथिनं), टीएनएफआर-१ आणि टीएनएफआर-२, जास्त होते, त्यांची किडनी पुढच्या काही वर्षांत निकामी होण्याची शक्यता बरीच जास्त होती. लघवीत अल्ब्युमिन नव्हतं, त्यांच्यातसुद्धा टीएनएफआरने उतार आधी ओळखला. २०१५ मध्ये सुपार नावाचं आणखी एक प्रथिन पुढे आलं. ३,६८३ जणांचा तो अभ्यास होता. ज्यांची किडनी सुरुवातीला ठणठणीत होती, त्यांच्यातही सुपार जास्त असलेल्यांचं ईजीएफआर पुढे जास्त वेगाने घसरलं. मग २०१९ मध्ये जॉस्लिनच्याच गटाने दाहाशी निगडित १७ प्रथिनांचा एक संच मांडला.

मला यातली अमेरिकेतल्या क्रिक अभ्यासातली गोष्ट जास्त लक्षात राहते. ३,४३० किडनीरुग्णांत ज्यांचं फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) आणि टीएनएफ जास्त होतं आणि रक्तातलं अल्ब्युमिन कमी होतं, त्यांची किडनी जास्त वेगाने उतरली. अल्ब्युमिन ही तर कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होणारी तपासणी. दाह असला की यकृत सीआरपी बनवण्यात गुंततं आणि अल्ब्युमिन कमी बनवतं. आपण मात्र ते फक्त ‘खाणं कमी पडतंय’ म्हणून वाचतो.

---

औंधचे आजोबा

उत्तम माहिती. मी किडनीच्या आजाराच्या तिसऱ्या टप्प्याचा रुग्ण आहे. मग टीएनएफआर किंवा सुपार ही तपासणी आम्ही का करून घेऊ नये? पैसे मोजायची तयारी आहे. आधी कळलं तर आधी सावध होता येईल.

---

बायोकेमची बाई

काका, तुमची तळमळ कळते. पण उत्तर आलं, समजा जास्त आलं, तर उद्यापासून तुमच्या औषधात काय बदलेल? आज तरी काही नाही. रक्तदाब, साखर, लघवीतलं अल्ब्युमिन आणि ईजीएफआर यांवरूनच औषधं ठरतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतली वर्गवारीसुद्धा यातल्या शेवटच्या दोन खांबांवर आहे: ईजीएफआर ४५ ते ५९ म्हणजे ३-अ, ३० ते ४४ म्हणजे ३-ब, आणि शेजारी एसीआर ३० च्या आत, ३० ते ३०० की ३०० च्या पुढे. तेही तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलं तरच जुनाट आजार म्हणायचा.

आणि दाह उतरवला की किडनी वाचते, हे अजून सिद्ध झालेलं नाही. कॅनाकिनुमॅब नावाचं इंजेक्शन इंटरल्यूकिन-१ बीटा अडवतं. २०१७ मधल्या मोठ्या चाचणीत त्याने सीआरपी खाली आणला, हृदयविकाराचे झटके कमी केले, किडनी अधू असलेल्यांतही. पण ईजीएफआरच्या उतारावर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. बार्डॉक्सोलोनची कथा तर आणखी गंभीर आहे. ते दाह शमवणारं औषध म्हणून आलं, चौथ्या टप्प्यातल्या मधुमेही रुग्णांचं ईजीएफआर खरोखर वाढलं, सगळे हरखले. २०१२ मध्ये ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर वाढलं. कागदावरचा आकडा सुधारला आणि माणूस आजारी पडला. म्हणून आकड्यावर उपचार करायला मी घाबरते.

---

औंधचे आजोबा

तरीही मला वाटतं, माहिती असणं हेच मोठं. माझ्या वडिलांची किडनी कधी गेली ते कळलंच नाही, डायलिसिसला पोचले तेव्हा कळलं. तुमचा मुद्दा मान्य, पण जाणून घेण्याची इच्छा सोडणार नाही.

एक अनुभव सांगतो. माझा एचएस-सीआरपी सतत ६-७ यायचा. ताप नाही, खोकला नाही. माझ्या फिजिशियन बाईंनी तोंड उघडायला लावलं आणि सरळ दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हिरड्या सुजलेल्या, ब्रश केला की रक्त यायचं, ते मी वर्षानुवर्षं अंगवळणी पाडून घेतलं होतं. खोल सफाई झाली, दोन दाढा काढल्या. पुढच्या तपासणीत सीआरपी ३ च्या आत. क्रिएटिनिन आहे तिथेच आहे, पण खातानाचा त्रास गेला हे काय कमी आहे?

---

कर्वेनगर निशा

सासूबाईंना आम्ही हळदीच्या कॅप्सूल आणि गुळवेलीचा काढा देतो. क्रिएटिनिन १.४ आहे. नैसर्गिक असल्यामुळे चालेल ना? आईंचा सीआरपी थोडा कमी झाल्यासारखा वाटतो.

---

हडपसरकर

निशाताई, भाजी-आमटीतली हळद खुशाल चालू ठेवा. कॅप्सूलमध्ये ती कित्येक पट असते. हळदीत ऑक्सॅलेट भरपूर, आणि हळदीच्या गोळ्या खूप दिवस घेतल्याने किडनीत ऑक्सॅलेटचे स्फटिक साचून ती बिघडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या आहेत, कोविडच्या काळात त्या पुढे आल्या. भस्मं कोणी सुचवली तर आधी डॉक्टरांना दाखवा, त्यात शिसं-पारा सापडलेला आहे. डॉक्टरांपासून काढा लपवू नका, एवढंच कळकळीने सांगतो.

---

डायलिसिस सिस्टर

रात्रपाळी संपवून लिहिते आहे. मूळ प्रश्नातल्या फेरिटिनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

फेरिटिन ४१० बघून ‘लोह भरपूर आहे’ असं समजू नका. फेरिटिन लोहाच्या साठ्याचं माप आहे, पण दाह असला की तेही वाढतं. दाहात यकृत हेप्सिडिन सोडतं, ते लोहाच्या कोठाराला कुलूप लावतं. धान्याने भरलेलं कोठार आहे, पण चुलीवर काही नाही, अशी गत. आमच्याकडे डायलिसिसला येणाऱ्यांत हे रोज बघते. फेरिटिन ७०० आणि हिमोग्लोबिन ८, आणि नातेवाईक विचारतात की मग लोहाचं इंजेक्शन कशाला? अशा वेळी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघतात. ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर वापरायला लोह नाही. ताई, बाबांचं हिमोग्लोबिन पुढच्या वेळीही कमी आलं तर ही तपासणी डॉक्टरांना विचारा.

आमच्या युनिटमधला एक प्रसंग सांगते, नाव-गाव सोडून. एक मावशी, मानेत कॅथेटर (डायलिसिससाठी बसवलेली नळी). रक्त वाढवायचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन चालू, डोस वाढवत नेला तरी हिमोग्लोबिन जागचं हलेना. अल्ब्युमिन २.८, सीआरपी चढलेला. जेवत नाहीत म्हणून घरचे रागावायचे, मुलगा डबा घेऊन बसायचा, मावशी दोन घास खाऊन डबा सारायच्या. कॅथेटरच्या तोंडाशी किंचित लाली होती, ड्रेसिंग बदलताना दिसली. जंतू निघाले. कॅथेटर बदललं, अँटिबायोटिक झालं, आणि काही आठवड्यांत त्याच डोसवर हिमोग्लोबिन वर सरकायला लागलं. मावशी पोळी मागायला लागल्या. सीआरपीचा खरा उपयोग इथे आहे. तो सांगतो की कुठेतरी काहीतरी चालू आहे, शोधा.

अल्ब्युमिन कमी आलं म्हणून दुकानातून प्रोटीन पावडर आणून देऊ नका, हेही लिहून ठेवते. डायलिसिसच्या रुग्णाला प्रथिनं जास्त लागतात, डायलिसिसच्या आधीच्या रुग्णाला जपून द्यावी लागतात. आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नको.

---

विमाननगर प्र.

माझं वय ४१, वजन ५८ किलो, सगळे काडी पैलवान म्हणतात. पोट मात्र सुटलंय. एचएस-सीआरपी दोन वेळा ४ च्या आसपास, क्रिएटिनिन ०.९. मला कसला दाह?

---

बायोकेमची बाई

पोट सुटलंय हेच उत्तर असू शकतं. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच गोष्टीचा अभ्यास केला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे! पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांच्या गटाने गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला, आणि आपली बाळं जन्मतःच वजनाने लहान पण चरबीने त्या मानाने जास्त असतात हे दाखवलं.

पोटातली चरबी नुसती साठवण नसते. ती इंटरल्यूकिन-६ सोडते, ते यकृताला सीआरपी बनवायला लावतं. तेव्हा कमरेचा घेर मोजा, उपाशीपोटीची साखर आणि बीपी बघा, तंबाखू-सिगारेट असेल तर बंद करा. आणि एकदा एसीआर करा. क्रिएटिनिन ०.९ हे बारीक अंगाच्या माणसात फसवं असू शकतं, कारण ते स्नायूंतून येतं. स्नायू कमी तर क्रिएटिनिन कमी, मग किडनी कशीही असो. शंका असेल तर डॉक्टर सिस्टॅटिन सी ही किडनीचीच दुसरी रक्ततपासणी सांगतात, ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. पण दाह, स्टेरॉइड, थायरॉइड, लठ्ठपणा यांनी तेही हलतं. त्यामुळे चिकुनगुनियाच्या भरात सिस्टॅटिन सी करून उपयोग नाही.

---

सिंहगड रोडची लेक

मध्यंतरी लिहायला जमलं नाही, आता सगळं एकदम सांगते.

हडपसरकर, त्याच संध्याकाळी फोन केला. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी लगेच थांबवली. नुसतं पॅरासिटामॉल, ठरवून दिलेल्या मात्रेत, आणि सांध्यांना शेक. फिजिओथेरपीचे हातांचे व्यायाम दिले. बीपीच्या गोळीतून हायड्रोक्लोरोथायझाइड काढून नुसती टेल्मिसार्टन ठेवली. आठवडाभराने क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघितलं, क्रिएटिनिन १.४ वर आलं होतं.

दिवाळीनंतर नेफ्रॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी सोनोग्राफी केली, किडनीचा आकार ठीक निघाला. सीआरपीच्या कागदाकडे बघून म्हणाल्या, “हा आत्ता बाजूला ठेवा, सांधे सुटल्यावर बोलू.” संक्रांतीच्या सुमारास पुन्हा तपासण्या झाल्या, त्याच लॅबमध्ये. क्रिएटिनिन १.३, ईजीएफआर ६०. सीआरपी ३.८. फेरिटिन १८०. हिमोग्लोबिन १२.६.

पण एसीआर ८४ आला. काही आठवड्यांनी पुन्हा केला, ९१. म्हणजे चिकुनगुनिया आणि गोळ्या यांनी वर चढवलेलं उतरलं, आणि त्याखाली मधुमेहाचा किडनीवरचा परिणाम आधीपासून होता, तो आता दिसला. गेल्या वर्षीही असणार, लघवी कोणी तपासलीच नव्हती. डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन (मधुमेहाचं, किडनीही जपणारं औषध) सुरू केलं आणि ग्लिमेपिराइड कमी केलं. सुरुवातीला ईजीएफआर थोडं खाली जाईल, घाबरू नका, असं आधीच सांगून ठेवलंय. मीठ कमी, साखर आटोक्यात.

बाबा आता बटण स्वतः लावतात. एक प्रश्न उरला: ३.८ हा आकडाही ३ च्या वरच आहे. त्याचं काय करायचं?

---

जुना लॅबवाला

छान बातमी. ३.८ चं वेगळं काही करायचं नाही. सांधे अजून पुरते निवळले नसतील, मधुमेह आहे, औंधच्या आजोबांचं ऐकून हिरड्या एकदा दाखवून घ्या. दर महिन्याला सीआरपी काढत बसू नका. तो पैसा एसीआरला ठेवा.

---

बायोकेमची बाई

आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. स्टॅटिनने सीआरपीही उतरतो, २००८ च्या ज्युपिटर चाचणीत तो ३७ टक्क्यांनी उतरला होता. किडनीचा उतार त्याने थांबत नाही; शार्प चाचणीत (तिथे स्टॅटिनच्या जोडीला कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध, इझेटिमाइब, होतं) २०११ मध्ये ते स्पष्ट झालं. पण त्याच चाचणीत किडनीरुग्णांचे हृदयविकार आणि पक्षाघात मिळून सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाले. किडनीच्या रुग्णाला पहिला धोका हृदयाचाच असतो, त्यामुळे ही गोळी सीआरपीसाठी नाही, हृदयासाठी.

डापाग्लिफ्लोझिनबद्दल निश्चिंत राहा. २०२० च्या डापा-सीकेडी चाचणीनंतर ते किडनीसाठी जगभर वापरलं जातं. फक्त उलट्या-जुलाब झाले, ताप आला, जेवण बंद झालं, तर ते तात्पुरतं थांबवायचं का, हे डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या. मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टनबद्दलही तेच विचारा.

---

हडपसरकर

एका छोट्या कागदावर लिहा: ‘किडनीचा त्रास आहे, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये.’ तो बाबांच्या पाकिटात ठेवा. दाताच्या डॉक्टरांकडे जाताना हमखास दाखवा, दाढ काढली की पहिली हीच गोळी लिहून देतात.

---

कर्वेनगर निशा

कॅप्सूल बंद केल्या. डॉक्टरांना काढ्याचंही सांगितलं, त्यांनी यकृताची तपासणी लिहून दिली. आईंचं एसीआर करायचं आहे, नमुना कधी आणि कसा द्यायचा?

---

जुना लॅबवाला

सकाळची पहिली लघवी सगळ्यात चांगली. सुरुवातीची थोडी सोडून मधली धार स्वच्छ डबीत घ्यायची, डबी लॅबमधूनच आणा. आदल्या दिवशी फार चालणं, जिना, दमछाक नको. ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर पुढे ढकला. उपाशी राहायची गरज नाही. तासा-दोन तासांत पोचवा, नाहीतर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा. जास्त आलं तर एकावर थांबू नका, तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने जास्त आले तरच ते धरायचं. रिपोर्टवर एकक मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आहे का ते तेवढं बघा, काही ठिकाणी प्रति मिलिमोल देतात, तो आकडा जवळजवळ नऊपट लहान दिसतो.